एकच अभिक्रिया, आठ नावं: अल्डिहाइड-कीटोनवरचं न्यूक्लिओफिलिक समावेशन

अल्डिहाइड-कीटोनचा धडा सुरू झाला की आठवड्याभरात मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी उगवते. हायड्रोजन सायनाइड टाकलं की सायनोहायड्रिन, सोडियम बायसल्फाइट टाकलं की पांढरे स्फटिक, ग्रिन्यार टाकलं की अल्कोहोल, हायड्रॉक्सिलअमीन टाकलं की ऑक्झाइम. यादी पाठ होते, परीक्षेच्या आदल्या रात्री अगदी पक्की असते, आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की कोसळते. माझं म्हणणं असं की ही यादी करूच नका. या सगळ्यांत घडतं ते एकच: इलेक्ट्रॉनांची जोडी असलेला अणू (न्यूक्लिओफाइल) कार्बोनिलच्या, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या, कार्बनवर येऊन जोडला जातो. बदलतात फक्त तीन गोष्टी: हल्ला कोण करतो, भांड्यात आम्ल आहे की आम्लारी, आणि हल्ल्यानंतर रेणू तिथेच थांबतो की पाणी टाकून पुढे सरकतो.

बारावीत असाल किंवा एफवाय बीएस्सीला, कागद-पेन्सिल घेऊन बसा. हा विषय नुसता वाचून येत नाही, हाताने काढावा लागतो.

पायरी १: कार्बोनिल नीट काढा

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेल्या जोड्या. त्या काढायला बहुतेक जण विसरतात आणि पुढे आम्लाचा प्रोटॉन कुठे बसतो हे कळेनासं होतं. ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, कार्बनची २.५५. त्यामुळे बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकलेले असतात. ऑक्सिजनवर डेल्टा मायनस लिहा, कार्बनवर डेल्टा प्लस. इथून पुढचं जवळजवळ सगळं या दोन चिन्हांतून निघतं.

आल्कीनमध्येही दुहेरी बंध असतो, मग तिथे न्यूक्लिओफाइल का येत नाही? तिथे दोन्ही टोकांना कार्बनच. इलेक्ट्रॉन ढकलले तर ते ठेवायला जागा नाही. इथे ऑक्सिजन आहे, आणि ऋणभार सांभाळणं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं काम आहे.

आता आकार. कार्बोनिलचा कार्बन एसपी-टू संकरित, तीन बंध एकाच पातळीत, कोन साधारण १२० अंश. म्हणजे वरून आणि खालून कार्बन उघडा. हे लक्षात ठेवा, पायरी तीनमध्ये लागेल.

पायरी २: हल्ला करणारा अणू शोधा

न्यूक्लिओफाइल म्हणजे केंद्रकाची, अर्थात धनभाराची ओढ असलेला. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनांची जोडी असावी लागते. प्रश्नात दिलेल्या अभिकर्मकाच्या नावावर जाऊ नका, जोडी कोणत्या अणूवर आहे ते बघा.

यांचे दोन गट पाडले की बरंच सोपं होतं. पहिला गट दणकट: सायनाइड आयन, ग्रिन्यार अभिकर्मकातला (मॅग्नेशियमला जोडलेला) कार्बन, सोडियम बोरोहायड्राइड किंवा लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडमधला हायड्राइड. यांना कुणाची मदत लागत नाही. दुसरा गट सौम्य: पाणी, अल्कोहोल, अमोनिया आणि त्याची भावंडं (हायड्रॉक्सिलअमीन, हायड्रॅझिन वगैरे). यांतल्या पाण्याला आणि अल्कोहोलला बहुतेक वेळा आम्लाचा टेकू लागतो. अमोनियाची भावंडं हल्ला स्वतः करतात, पण पुढे पाणी बाहेर काढायला त्यांनाही थोडं आम्ल हवं असतं.

इथे हमखास चुकणाऱ्या तीन जागा सांगतो. सोडियम बायसल्फाइटमध्ये हल्ला गंधक करतो, ऑक्सिजन नाही. ऋणभार ऑक्सिजनवर लिहिलेला असतो म्हणून मुलं बाण तिथून काढतात. मग उत्पादनात कार्बन-गंधक बंध कुठून आला ते सांगता येत नाही. दुसरी जागा २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन (थोडक्यात २,४-डीएनपी). त्यात दोन नायट्रोजन. बेन्झीन वलयाला चिकटलेल्या नायट्रोजनची जोडी वलयात, आणि त्यावरच्या नायट्रो गटांकडे, ओढली गेलेली असते. मोकळा आहे तो टोकाचा नायट्रोजन, हल्ला तोच करणार. तिसरी जागा सेमिकार्बझाइड. त्यात तीन नायट्रोजन आणि मधे एक कार्बोनिल. त्या कार्बोनिलला थेट जोडलेल्या दोन्ही नायट्रोजनांच्या जोड्या त्याच्याकडे खेचल्या जातात, म्हणून हल्ला पुन्हा टोकाच्याच, म्हणजे दुसऱ्या नायट्रोजनला जोडलेल्या नायट्रोजनचा. हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारायला परीक्षकांना फार आवडतो.

पायरी ३: बाण काढा, आणि दिशा बघा

बाण फक्त दोन. पहिला न्यूक्लिओफाइलच्या जोडीपासून कार्बोनिलच्या कार्बनकडे. दुसरा दुहेरी बंधाच्या मधोमध सुरू होऊन ऑक्सिजनवर. बाणाचं शेपूट नेहमी इलेक्ट्रॉनांवर असतं, कधीच धनभारावर नाही. डेल्टा प्लसपासून सुरू होणारा बाण दिसला की मी पुढचं तपासायचं थांबवतो.

दुसरा बाण विसरलात तर कार्बनला पाच बंध होतात. पाच बोटं मोजता येतात ना? मग प्रत्येक वेळी मोजा.

आता न्यूक्लिओफाइल नेमका कुठून येतो? पुस्तकातली चित्रं तो सरळ वरून, काटकोनात उतरतो अशी असतात. खरं तर तो थोडा मागून, ऑक्सिजनपासून दूर कलून येतो. साधारण १०७ अंशांचा हा कोन बुर्गी आणि डुनिट्झ यांच्या नावाने ओळखला जातो. १९७० च्या दशकात त्यांनी हा कोन ज्या पद्धतीने काढला ती मला फार सुंदर वाटते. ज्या रेणूंत नायट्रोजन आणि कार्बोनिल दोन्ही आहेत अशा रेणूंच्या स्फटिकरचना त्यांनी एकापुढे एक मांडल्या. कुठे नायट्रोजन कार्बोनिलच्या कार्बनपासून लांब होता, कुठे जवळ, कुठे जवळजवळ बंध जुळलेला. अभिक्रिया घडताना कुणी पाहिली नव्हती, पण धावत्या माणसाचे एकेक क्षणाचे फोटो एका रांगेत लावले की चाल दिसते, तसं झालं. नायट्रोजन जवळ येतो तसा कार्बन आपल्या सपाट पातळीतून हळूहळू त्याच्याकडे उचलला जातो, हेही त्या रांगेत दिसलं.

हल्ला झाला की सपाट कार्बन चतुष्फलकीय होतो. वरून आणि खालून येण्याची शक्यता सारखीच असेल आणि कार्बनवरचे चारही गट वेगळे झाले, तर रेसेमिक मिश्रण मिळतं, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं निम्मी-निम्मी. ॲसिटाल्डिहाइडपासून सायनोहायड्रिन केलं तर असंच होतं. ॲसिटोनपासून केलं तर दोन मिथिल सारखेच, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही.

एक शंका इथे यायला हवी: न्यूक्लिओफाइल आला, मग जुना एखादा गट बाहेर का पडत नाही? ॲसिड क्लोराइड किंवा एस्टरमध्ये पडतो. अल्डिहाइडमध्ये बाहेर पडायला उमेदवार म्हणजे हायड्राइड, कीटोनमध्ये कार्बॅनायन. दोघेही जायला अजिबात राजी नसतात. म्हणून इथे समावेशन होतं आणि तिथे प्रतियोजन.

पायरी ४: अल्डिहाइड आधी की कीटोन?

अल्डिहाइड आधी. याची दोन कारणं आहेत आणि उत्तरात दोन्ही लिहा. अल्डिहाइडमध्ये कार्बोनिलच्या एका बाजूला फक्त हायड्रोजन असतो, त्यामुळे वाट मोकळी. कीटोनमध्ये दोन्ही बाजूंना अल्किल गट गर्दी करतात, आणि कार्बन चतुष्फलकीय होताना ती गर्दी आणखी दाटते. दुसरं, अल्किल गट इलेक्ट्रॉन थोडे पुढे ढकलतात, त्यामुळे कार्बनचा डेल्टा प्लस बोथट होतो.

या फरकाचा आकडा बघायचा तर साधं पाणी घ्या. पाण्यात फॉर्मल्डिहाइड जवळजवळ सगळं हायड्रेटच्या रूपात असतं, ॲसिटाल्डिहाइड साधारण निम्मं, आणि ॲसिटोन एक टक्काही नाही. एकेका मिथिल गटाने एवढा फरक पडतो. उलट, ॲसिटाल्डिहाइडच्या मिथिलवर तीन क्लोरीन बसवले की क्लोरल होतं. ते पाण्याला असं घट्ट धरतं की क्लोरल हायड्रेट चक्क घन स्फटिकांच्या रूपात बाटलीत भरता येतं. क्लोरल लीबिगने १८३२ मध्ये बनवलं, आणि १८६९ पासून त्याचं हायड्रेट झोपेचं औषध म्हणून वापरात आलं. एका कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल गट टिकत नाहीत, हे शाळेत शिकवलेलं वाक्य या बाटलीने खोटं ठरवलंय.

बेन्झाल्डिहाइड अल्डिहाइड असूनही ॲसिटाल्डिहाइडपेक्षा मंद आहे. वलय आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलपर्यंत पसरवतं आणि कार्बनची भूक भागवतं.

पायरी ५: भांड्यात आम्ल आहे की आम्लारी?

बहुतेक नवशिके इथे घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

१९०३ साली आर्थर लॅपवर्थने हायड्रोजन सायनाइडच्या समावेशनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने वापरलेल्या पदार्थांपैकी एक होतं कॅम्फरक्विनोन. ते पिवळं असतं, सायनोहायड्रिन झालं की रंग जातो. म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होतेय ते डोळ्यांनी दिसतं. आम्लारी थोडं टाकलं की रंग झपाट्याने जायचा, आम्ल टाकलं की अभिक्रिया रेंगाळायची. यावरून त्याने निष्कर्ष काढला: हल्ला हायड्रोजन सायनाइड करत नाही, सायनाइड आयन करतो. हायड्रोजन सायनाइड अगदी दुबळं आम्ल आहे, त्याचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) सुमारे ९.२. त्यामुळे आयन फारच थोडे सुटतात. आम्लारी आयन वाढवतं, आम्ल ते पुन्हा झाकून टाकतं. सेंद्रिय अभिक्रियेची यंत्रणा प्रयोगातून उलगडण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे, आणि त्यासाठी लागला फक्त एक उतरणारा रंग. (हा प्रयोग कागदावरच करायचा. सायनाइडशी खेळ नको.)

मग आम्ल वाईटच का? नाही. सौम्य न्यूक्लिओफाइलच्या बाबतीत आम्ल कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन ठेवतं, त्याने कार्बन आणखी अधाशी होतो आणि बिचारं अल्कोहोलसुद्धा हल्ला करू शकतं. आम्ल कुणाला हात देतंय आणि कुणाचा हात बांधतंय, हे बघायचं.

सगळ्यात छान ओढाताण ऑक्झाइम बनवताना दिसते. हायड्रॉक्सिलअमीन आणि ॲसिटोन घ्या. आम्ल जास्त झालं तर नायट्रोजनच्या जोडीवर प्रोटॉन बसतो आणि हल्ला करायला कुणी उरत नाही. आम्ल फार कमी असेल तर हल्ला होतो, पण नंतर हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन बाहेर पडू शकत नाही. या दोन टोकांच्या मधे, पीएच ४.५ च्या आसपास, वेग सर्वांत जास्त असतो. म्हणून प्रयोगात हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइडबरोबर सोडियम ॲसिटेट टाकतात. ते कशाला, हे विचारल्यावर 'जर्नलमध्ये लिहिलंय म्हणून' असं उत्तर मी दरवर्षी ऐकतो. ते बफर आहे, पीएच जागेवर ठेवायला.

ग्रिन्यारचं वेगळंच. त्याला आम्ल, पाणी, अल्कोहोल यांपैकी काहीच चालत नाही, कारण त्यातला कार्बन प्रोटॉन मिळाला की तोच उचलतो आणि आल्केन होऊन मोकळा होतो. म्हणून कोरडं ईथर, ओव्हनमध्ये वाळवलेली काचेची भांडी. मुंबईत जुलै महिन्यात ही अभिक्रिया सुरू करून बघितलेल्या कुणालाही कोरडं या शब्दाची किंमत विचारा. कागदावर याचा अर्थ असा: बाणावर लिहिताना '१. मिथिल मॅग्नेशियम ब्रोमाइड, कोरडं ईथर' आणि त्याखाली '२. सौम्य आम्ल आणि पाणी' असे दोन टप्पे लिहा. दोन्ही एका ओळीत लिहिलंत तर तुम्ही ग्रिन्यार तिथल्या तिथे मारलंत. सोडियम बोरोहायड्राइड मात्र मिथेनॉलमध्येही काम करतं. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड पाण्याशी भडका उडवतं.

ग्रिन्यारचं उत्पादन ओळखायला कार्बोनिलवर किती हायड्रोजन होते ते मोजा. फॉर्मल्डिहाइडवर दोन, तर प्राथमिक अल्कोहोल. इतर अल्डिहाइडवर एक, तर द्वितीयक. कीटोनवर शून्य, तर तृतीयक. विक्टर ग्रिन्यारला याच अभिकर्मकासाठी १९१२ चं नोबेल मिळालं.

पायरी ६: थांबतं की पुढे जातं?

हल्ला करणाऱ्या अणूवर सहज सुटू शकणारे किती हायड्रोजन शिल्लक आहेत ते बघा.

सायनाइड, ग्रिन्यार, हायड्राइड: एकही नाही. ऑक्सिजनला प्रोटॉन मिळाला की काम संपलं.

प्राथमिक अमीन आणि अमोनियाची भावंडं: हल्ल्यानंतर नायट्रोजनवरचे हायड्रोजन आणि कार्बनवरचा हायड्रॉक्सिल मिळून पाणी बाहेर पडतं, कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. हायड्रॉक्सिलअमीन दिलं तर ऑक्झाइम, हायड्रॅझिन दिलं तर हायड्रॅझोन, सेमिकार्बझाइड दिलं तर सेमिकार्बझोन, साधं अमीन दिलं तर इमीन. चार नावं, एकच पायरी. तुम्ही ही ओळ वाचताय तीही एका इमीनच्या जोरावर. डोळ्यात रेटिनल हे अल्डिहाइड ऑप्सिन प्रथिनातल्या लायसीनच्या अमीन गटाशी असंच जोडलेलं असतं.

२,४-डीएनपीची चाचणी इथलीच. पिवळा, नारिंगी किंवा लाल साका आला की कार्बोनिल आहे. पूर्वी, वर्णपटयंत्रं सर्रास नव्हती तेव्हा, हा साका गाळून, वाळवून त्याचा वितळणबिंदू काढायचे आणि तक्त्यात मूळ पदार्थ शोधायचे. ॲसिटोनच्या साक्याचा सुमारे १२६ अंश, बेन्झाल्डिहाइडच्या साक्याचा सुमारे २३७. चुकायला जागाच नाही.

अल्कोहोल: पहिला रेणू जोडला की हेमिॲसिटल. आम्लारीत इथेच गाडी अडते, कारण हायड्रॉक्सिल आपणहून जात नाही. आम्लात तो पाणी होऊन जातो, दुसरा अल्कोहोल येतो आणि ॲसिटल होतं. ॲसिटल आम्लारीला दाद देत नाही, सौम्य आम्ल आणि पाणी यांत मात्र परत सुटतं. म्हणून रेणूतल्या एस्टरवर काम करायचंय आणि कीटोनला धक्का लावायचा नाही, तर आधी इथिलीन ग्लायकॉलने कीटोन झाकतात आणि शेवटी आम्लाने उघडतात.

विटिग अभिक्रियेतही कार्बनच, फॉस्फरसला जोडलेला, हल्ला करतो, फक्त शेवटी ऑक्सिजन फॉस्फरस घेऊन जातो आणि आल्कीन उरतं. तूर्त एवढं पुरे.

पायरी ७: उलटा रस्ता तपासा

ग्रिन्यार आणि हायड्राइडची वाट एकेरी. बाकी बहुतेक ठिकाणी दुहेरी बाण काढा, आणि तो मनापासून काढा.

ज्वारीचे कोवळे फुटवे जनावराने खाल्ले तर विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यात पाण्याचा ताण बसलेलं पीक असेल तर जास्तच. कारण आपल्याच धड्यातलं आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो, म्हणजे साखरेशी बांधलेलं सायनोहायड्रिन. पानं चावली गेली की विकर साखर तोडतं, मोकळं झालेलं सायनोहायड्रिन मागे फिरतं: पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. लॅपवर्थची अभिक्रिया उलट्या दिशेने. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो त्यातही हाच प्रकार असतो, तिथे ॲसिटोनचं सायनोहायड्रिन साखरेला बांधलेलं असतं. कंद किसणं, धुणं, उष्णता देणं यांत ते फुटून निघून जातं, म्हणून एकादशीची खिचडी निर्धोक.

हा उलटा रस्ता कामालाही येतो. बेन्झाल्डिहाइड अशुद्ध आहे? सोडियम बायसल्फाइटच्या संपृक्त द्रावणाबरोबर जोरात हलवा. पांढरे स्फटिक येतील, ते गाळा, अशुद्धी गाळलेल्या द्रवाबरोबर जाईल. मग स्फटिकांवर सौम्य आम्ल किंवा सोडियम कार्बोनेटचं द्रावण टाका, बेन्झाल्डिहाइड परत मोकळं. ही युक्ती अल्डिहाइडांना आणि ॲसिटोनसारख्या सुटसुटीत मिथिल कीटोनांना चालते. ॲसिटोफिनोनला चालत नाही, गंधकाचा तो अवजड गट तिथे मावत नाही आणि वलयाने कार्बनची भूकही भागवलेली असते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी

ग्लुकोजमध्ये अल्डिहाइड गट आहे. तरी ते शिफ चाचणी (अल्डिहाइडने गुलाबी रंग येण्याची) देत नाही, बायसल्फाइटबरोबर स्फटिक देत नाही. पण हायड्रॉक्सिलअमीनबरोबर ऑक्झाइम देतं आणि फेलिंगच्या द्रावणात लाल साका पाडतं. का?

तीन प्रश्न विचारा. हल्ला कोण करतो? ग्लुकोजचा स्वतःचाच पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल. तो वळून पहिल्या कार्बनवर येतो आणि सहा अणूंचं वलय होतं, म्हणजे हेमिॲसिटल. वरून आला की एक रूप, खालून आला की दुसरं, म्हणून पाण्यात साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा. उघडी साखळी एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. पुढे काय? पाणी बाहेर पडत नाही, इथेच थांबतं. आणि परत फिरतं का? फिरतं. बायसल्फाइटचा जोड सैल, त्याला वलय उघडून घेण्याची ताकद नाही. ऑक्झाइम आणि फेलिंगचं ऑक्सिडीकरण मात्र त्या चिमूटभर उघड्या साखळीला उचलून बाजूला नेतात. तेवढी जागा रिकामी झाली की वलय उघडून नवी साखळी येते, तीही उचलली जाते, आणि परीक्षानळीच्या तळाशी लाल साका वाढत राहतो.